हात, मन आणि परिणाम : फौजदारी जबाबदारीची मूलतत्त्वे

एक जुलै ही तारीख बुलडाणा जिल्ह्याला विसरता येणार नाही. १ जुलै २०२३ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुटा गावाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली, पेटली आणि पंचवीस प्रवासी मरण पावले. त्यानंतर बरोबर एक वर्षाने, १ जुलै २०२४ रोजी, १८६० ची भारतीय दंड संहिता जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता देशभर लागू झाली. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण त्या दोन तारखांच्या मध्ये एक प्रश्न उभा आहे. जिल्ह्यातील न्यायालयांत फौजदारी कामे चालवताना तो मला अनेकांनी विचारला आहे : "वकीलसाहेब, माणसे मेली पंचवीस, आणि हयगयीच्या कलमाला शिक्षा किती, तर दोन वर्षे?"

प्रश्नात राग आहे आणि तो रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी फौजदारी कायदा माणसाचा दोष कशाने मोजतो, हे मुळापासून पाहावे लागते. पिंपळखुट्याच्या अपघातात दोषी कोण, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. या लेखाचा तो विषय नाही. मला येथे फक्त ते मोजमाप समजावून सांगायचे आहे.

कृती आणि मन

मन दोषी नसेल तर केवळ कृतीने माणूस दोषी ठरत नाही, हे फौजदारी कायद्याचे जुने सूत्र आहे. कायद्याच्या पुस्तकांत कृतीला 'अ‍ॅक्टस रियस' आणि दोषी मनाला 'मेन्स रिया' म्हणतात. गुन्हा सिद्ध व्हायचा तर कृती हवी, कृतीमागे कायद्याने सांगितलेली मनःस्थिती हवी, दोन्ही एकाच वेळी हव्यात, आणि गुन्हा परिणामावर अवलंबून असेल तर तो परिणाम त्याच कृतीतून झालेला हवा.

आपल्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, आणि जिल्ह्यातल्या कितीतरी फौजदारी खटल्यांचे मूळ धुऱ्यातच सापडते. धुरा कोरला म्हणून एका शेतकऱ्याने शेजाऱ्याला संपवण्याचे मनात आणले आणि रात्रभर तोच विचार करत तो पडून राहिला, तर ते पाप असेल, पण गुन्हा नाही. कायदा मनातल्या विचाराला शिक्षा करत नाही. सकाळी त्याने कुऱ्हाडीला धार लावली, तर ती झाली तयारी. दरोड्याची तयारी असे मोजके अपवाद सोडले तर नुसत्या तयारीलाही शिक्षा नाही. तो शेजाऱ्याच्या अंगावर धावून गेला आणि त्याने वार केला, पण तो हुकला, तर मात्र प्रयत्नाचा गुन्हा पूर्ण झाला.

तयारी कोठे संपते आणि प्रयत्न कोठे सुरू होतो, हा वाद जुना आहे. १९८० साली सर्वोच्च न्यायालयापुढे वसई भागातील एका खाडीकाठचे प्रकरण आले. वाहनांतून आणलेल्या चांदीच्या लगडी काठावर उतरवल्या जात असताना सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी छापा घातला होता. चांदी देशाबाहेर गेली नव्हती, होडीतही चढली नव्हती. तरीही न्यायालयाने तो निर्यातीचा प्रयत्न मानला. कृतीतून हेतू स्पष्ट दिसू लागला आणि ती गुन्ह्याच्या जवळ पोहोचली, की तयारीची हद्द संपते.

काही न करणे हीसुद्धा कृती ठरू शकते, पण कायद्याने कर्तव्य घातलेले असेल तरच. लेकराला उपाशी ठेवून मरू देणारा बाप दोषी असतो. रस्त्यात पडलेल्या अनोळखी माणसाकडे न पाहता निघून जाणारा वाटसरू माणुसकीला चुकतो. फौजदारी कायदा सहसा त्याला हात लावत नाही.

मनाच्या पायऱ्या

दोषी मन एकाच प्रकारचे नसते. कायद्याने त्याच्या पायऱ्या केल्या आहेत. सर्वांत वर उद्देश, त्याखाली जाणीव, त्याखाली बेदरकारपणा आणि सर्वांत खाली हयगय.

धुऱ्याचेच उदाहरण पुढे नेऊ. शेजारी मरावा म्हणूनच डोक्यात कुऱ्हाड घातली, तर तो उद्देश. मारण्याचा हेतू नव्हता, पण या वाराने माणूस मरण्याचा संभव आहे हे ठाऊक असूनही वार केला, तर ती जाणीव. गर्दीच्या आठवडी बाजारातून कोणाला लागेल याची पर्वा न करता ट्रॅक्टर दामटला, तर तो बेदरकारपणा. आणि ट्रॉलीची खीळ नीट बसली आहे की नाही हे पाहायचे राहून गेले आणि ट्रॉली सुटून कोणी दगावले, तर ती हयगय. चारही वेळा मरण सारखेच असते, घरातला आक्रोशही सारखाच असतो. कायद्याच्या लेखी मात्र ते चार वेगळे प्रसंग आहेत. उद्देशाला जन्मठेप किंवा फाशीपर्यंत शिक्षा आहे. हयगयीला, जुन्या संहितेच्या कलम ३०४-अ प्रमाणे, जास्तीत जास्त दोन वर्षे.

खून आणि सदोष मनुष्यवध यांतली रेषा सगळ्यांत बारीक आहे. ती रेखताना नागपूरच्या एका न्यायमूर्तीचे नाव घ्यावेच लागते. व्हिव्हियन बोस हे नागपूरचे वकील, पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. बुलडाण्यासह सारा वऱ्हाड १९५६ पर्यंत त्या नागपूर उच्च न्यायालयाच्याच अखत्यारीत होता. १९५८ साली वीरसा सिंग खटल्यात त्यांच्यापुढे पंजाबमधील एक प्रकरण होते. आरोपीने भाल्याचा एकच वार पोटात केला होता आणि जखमी माणूस दुसऱ्या दिवशी मरण पावला. मारण्याचा उद्देश नव्हता, असा बचाव होता. बोस यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. आरोपीला जीव घ्यायचा होता का, हे विचारायची गरज नाही. ती विशिष्ट जखम त्याला करायची होती का, एवढे पाहा. ती अपघाताने झालेली नसेल, आणि निसर्गक्रमाने मरण येण्यास ती पुरेशी असेल, तर तो खूनच. त्या जखमेने माणूस मरतो हे आपल्याला माहीत नव्हते, असे आरोपीने म्हणून भागत नाही. धुऱ्यावरच्या भांडणात 'मी फक्त एकच मारली' असे सांगणाऱ्या पक्षकाराला हा निकाल आजही समजावून सांगावा लागतो.

याच्या उलट बाजूला राग येतो. गंभीर आणि आकस्मिक चिथावणीने मनाचा ताबा गेलेल्या माणसाचा गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरतो. १९५९ च्या नानावटी प्रकरणामुळे हा अपवाद घराघरांत पोहोचला, पण नानावटींना त्याचा लाभ मिळाला नाही, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. पत्नीची कबुली ऐकल्यावर त्यांनी कुटुंबाला चित्रपटगृहावर सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्वर घेतले आणि मग ते प्रेम आहुजांच्या घरी गेले. राग शांत व्हायला पुरेसा वेळ मिळाला होता, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली ठरवले आणि जन्मठेप कायम केली.

रस्त्यावरच्या मृत्यूंत जाणीव आणि बेदरकारपणा यांतली रेषा निर्णायक ठरते. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर चढली आणि तेथे झोपलेल्या मजुरांपैकी सात जण ठार झाले, आठ जखमी झाले. चालकाने दारू घेतली होती. सत्र न्यायालयाने कलम ३०४-अ लावून सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती बदलून कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली, म्हणजे जाणीवपूर्वक केलेल्या सदोष मनुष्यवधासाठी, तीन वर्षे केली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ती शिक्षाही न्यायालयाला अपुरी वाटली, पण वाढ मागणारे अपील राज्याने केले नव्हते. तत्त्व मात्र स्पष्ट झाले : बेदरकार कृती करताना त्यातून मृत्यू होण्याचा संभव आहे हे करणाऱ्याला ठाऊक असेल, तर प्रकरण हयगयीच्या कलमात मावत नाही. त्या कलमाची कमाल शिक्षा दहा वर्षे आहे.

म्हणजे अपघाताच्या खटल्यात सगळा वाद शेवटी एका प्रश्नाशी येऊन थांबतो : चालकाला त्या क्षणी काय ठाऊक होते? मृतांचा आकडा त्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. याचे सर्वांत कटू उदाहरण भोपाळचे. डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीत हजारो माणसे गेली. दोषारोप सदोष मनुष्यवधाचा होता. वायू गळू शकतो आणि माणसे मरतील ही जाणीव आरोपींना होती असे दाखवणारा पुरावा नाही, असे म्हणून १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कलम ३०४-अ वर आणला. २०१० साली निकाल लागला तेव्हा शिक्षा झाली ती दोन वर्षांची. देश हादरला, पण त्या कलमात त्याहून जास्त शिक्षा नव्हतीच.

कारण कोणते?

एका मोठ्या अपघातामागे अनेक हात असतात. चालक, गाडीची देखभाल न करणारा, आपत्कालीन दरवाजा नीट न बसवणारा, चालकाला विश्रांती न देता पुन्हा फेरीवर धाडणारा, रस्ता आखणारा. समाज या सगळ्यांकडे बोट दाखवतो. फौजदारी कायद्याचा प्रश्न त्याहून अरुंद आहे : मृत्यूचे थेट आणि निकटचे कारण कोणाची कृती होती?

१९६२ साली मुंबईतील एका रंगाच्या कारखान्यात आग लागून सात कामगार मरण पावले. ज्वालाग्राही पदार्थ ठेवलेल्या खोलीतच चुली पेटवण्याची मुभा व्यवस्थापक भागीदाराने दिली होती. मात्र प्रत्यक्ष आग भडकली ती एका कामगाराने गरम मिश्रणात घाईने टर्पेंटाइन ओतल्यामुळे. कुर्बान हुसेन रंगवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भागीदाराला मृत्यूस कारण होण्याच्या आरोपातून सोडले; आगीबाबत हयगय केल्याची शिक्षा तेवढी कायम ठेवली. ज्याच्यावाचून घटना घडली नसती असे कारण आणि ज्याने घटना घडवली ते कारण, यांत न्यायालयाने फरक केला. मुंबई उच्च न्यायालयाचे सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी १९०२ सालीच तो मांडला होता.

हा निकाल वाचताना मला नेहमी अस्वस्थ वाटते. चूल पेटवू देणारा सुटतो आणि ओतणारा मजूर कारण ठरतो. पण दुसरी बाजूही पाहावी लागते. 'सुक्याबरोबर ओले जळते' ही म्हण समाजाचे वर्णन म्हणून खरी आहे; न्यायालयाने तिचा नियम केला, तर गाडीशी संबंध आलेला प्रत्येक माणूस तुरुंगात जाईल. अनेकांनी मिळून समान उद्देशाने गुन्हा केला तर सगळे सारखेच जबाबदार असतात, पण हयगयीला उद्देशच नसतो, म्हणून समान उद्देशाचे कलम तेथे लावता येत नाही. प्रत्येकाची हयगय स्वतंत्रपणे दाखवावी लागते आणि तिच्यापासून मृत्यूपर्यंतची साखळी जोडावी लागते. मालकाविरुद्ध असा पुरावा असेल तर तोही आरोपी होतो. केवळ मालक आहे म्हणून होत नाही.

नुकसानभरपाईचा मार्ग यापेक्षा वेगळा आहे, आणि अनेक कुटुंबे येथेच गोंधळतात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालकाच्या चुकीसाठी मालक जबाबदार असतो आणि त्याच्या वतीने विमा कंपनी पैसे भरते. तेथे पुरावा संभाव्यतेच्या तराजूवर तोलला जातो. फौजदारी न्यायालयात तो वाजवी संशयापलीकडे जावा लागतो. म्हणून चालक फौजदारी खटल्यातून सुटला तरी कुटुंबाला भरपाई मिळू शकते. दोन दारांची चावी एक नाही.

बापाच्या हातून मेलेला मुलगा

दोषी मनाचे तत्त्व किती खोल आहे, हे दाखवणारा एक निकाल आपल्याच जुन्या उच्च न्यायालयाचा आहे. १९५२ सालचा नागपूर उच्च न्यायालयाचा चिरंगी खटला. चिरंगी हा विधुर. मुलगी, पुतण्या आणि एकुलता एक मुलगा यांच्यासह तो टेकडीवर पाने गोळा करायला गेला होता. पायाच्या गळवाने आणि पडण्याने त्याची अवस्था बिघडलेली होती. त्या भ्रमात समोर वाघ आहे असे त्याला वाटले आणि त्याने कुऱ्हाड चालवली. मेला तो त्याचाच मुलगा.

कृती पूर्ण होती, हत्यार होते, मृत्यू होता. उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. त्याला जे दिसले ते खरे असते, तर वाघावर कुऱ्हाड उगारणे हा गुन्हा नव्हता. आणि वस्तुस्थितीच्या प्रामाणिक गैरसमजातून केलेल्या कृतीला कायदा दोष देत नाही. जुन्या संहितेचे कलम ७९ आज न्याय संहितेत कलम १७ म्हणून तसेच आहे. कायद्याच्या अज्ञानाला मात्र ही सवलत नाही.

अशा सर्वसाधारण अपवादांचे एक स्वतंत्र प्रकरण दोन्ही संहितांत आहे. सात वर्षांखालील मूल गुन्हा करूच शकत नाही. सात ते बारा वर्षांत त्याची समज पाहावी लागते. मनोविकारामुळे कृतीचे स्वरूप किंवा ती चूक आहे हे न कळणाऱ्याला शिक्षा नाही. पत्नीचा जीव घेणाऱ्या एका पोलीस शिपायाला सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली, श्रीकांत भोसले खटल्यात, त्याच्या जुन्या मनोविकाराच्या पुराव्यावरून याच कारणाने सोडले. स्वतःहून घेतलेल्या दारूची नशा हा मात्र असा अपवाद नाही. दुसऱ्याने नकळत किंवा जबरदस्तीने पाजली असेल, तरच तिचा विचार होतो.

मनाकडे पाहू नका, असे कायदा कधी कधी स्वतःच सांगतो. नोव्हेंबर १९६२ मध्ये झुरिकहून मनिलाला जाणाऱ्या जॉर्ज नावाच्या परदेशी प्रवाशाच्या अंगावर मुंबई विमानतळावर चौतीस किलो सोने सापडले. काही दिवसांपूर्वीच बदललेल्या नियमाची त्याला माहिती नव्हती. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी दोषी मनाचा आग्रह धरला, पण बहुमताने त्याला दोषी ठरवले, कारण परकीय चलनाच्या कायद्याचा हेतूच तसा होता. असे अपवाद थोडे असावेत, असे मला वाटते.

काळाची रेषा

नव्या न्याय संहितेच्या कलम १०६ (१) ने हयगयीने मृत्यूस कारण होण्याची कमाल शिक्षा दोनवरून पाच वर्षे केली. घटनेची खबर न देता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे १०६ (२) मात्र जानेवारी २०२४ मधील ट्रकचालकांच्या संपानंतर अंमलबजावणीतून बाजूला ठेवण्यात आले.

मग पिंपळखुट्याला पाच वर्षांचे कलम लावता येईल का? नाही. संविधानाचे कलम २० (१) सांगते की कृती घडली तेव्हा जो कायदा होता त्यात सांगितलेल्या शिक्षेपेक्षा जास्त शिक्षा कोणालाही देता येत नाही. १ जुलै २०२३ ची कृती १ जुलै २०२४ च्या कायद्याने मोजता येत नाही. ज्यांनी माणसे गमावली त्यांना हे निष्ठुर वाटेल. पण हीच भिंत नसती, तर आज कायदेशीर असलेली तुमची-माझी कृती उद्या कायदा बदलून गुन्हा ठरवता आली असती. म्हातारी मेल्याचे दुःख नसते, पण काळ सोकावतो, ही म्हण कायद्याइतकी दुसऱ्या कोणत्याच क्षेत्राला लागू नसेल.

ओझे कोणावर?

शेवटचे तत्त्व सर्वांत साधे आहे आणि रोज विसरले जाते. गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे फिर्यादी पक्षावर असते. आरोपीने निर्दोषत्व सिद्ध करायचे नसते. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारे राज्य आपण म्हणीत ठेवले आहे, कारण ते न्यायालयात येऊ नये. ज्याला अपवादाचा आधार घ्यायचा आहे, त्याने मात्र तो स्वतः दाखवावा लागतो, आणि तेवढ्यापुरते संभाव्यतेचे माप पुरते.

म्हणूनच दोन आणि दहा वर्षांतला फरक बहुतेक वेळा निकालाच्या दिवशी ठरत नाही. तो घटनेच्या पहिल्या काही तासांत ठरतो : चालकाच्या रक्ताचा नमुना वेळेत घेतला का, टायर आणि ब्रेक यांची तांत्रिक तपासणी झाली का, पंचनाम्यात घासल्याच्या खुणा मोजल्या का, वाचलेल्या प्रवाशांचे जबाब ताजे असताना नोंदवले का. जाणीव मनात असते, पण तिचा पुरावा रस्त्यावर पडलेला असतो, आणि रस्ता लवकर धुतला जातो.

"पंचवीस माणसे, आणि दोन वर्षे?" असे विचारणाऱ्याला मी आता एवढेच सांगतो : कायदा माणसांची किंमत मोजत नाही, दोष मोजतो. शिक्षा वाढवून घेण्यासाठी विधिमंडळ आणि संसद आहेत, आणि ती वाढलीही. पण हयगय की जाणीव, हे ठरवणारा पुरावा पहिल्याच रात्री गोळा व्हावा, असा आग्रह धरणे आपल्या हातात आहे. तो आग्रह धरला नाही, तर कलमाच्या आकड्यावर कितीही वाद घातला तरी न्यायालयापुढे हयगयीचेच कलम उरते.